दोन चेंडूंच्या मधलं गाणं

१४ ऑक्टोबर २०२३ ला अहमदाबादेत झालेल्या विश्वचषकातल्या भारत-पाकिस्तान सामन्यातलं क्रिकेट आता फारसं कुणाला आठवत नसेल. पाकिस्तान १९१ त गारद, भारत सात गडी राखून विजयी, विषय संपला. लक्षात राहिलं ते नंतरचं एक वाक्य. पाकिस्तान संघाचे संचालक मिकी आर्थर पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले की ही आयसीसीची स्पर्धा वाटतच नव्हती, आज माइकवरून ‘दिल दिल पाकिस्तान’ काही फारसं ऐकू आलं नाही. मग काय, त्यांची यथेच्छ टर उडवली गेली. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्या रात्री आपल्याकडे किती मोबाइलवर टाइप झालं असेल कोण जाणे. हरलेल्या संघाच्या माणसाने खेळपट्टीला नावं ठेवावीत, दवाला ठेवावीत, नाणेफेकीला ठेवावीत. गाण्याला?

हसण्यासारखं होतंच. पण त्या वाक्यातला एक शब्द खुपत राहतो: माइकवरून. प्रेक्षकांनी गायलं नाही अशी त्यांची तक्रार नव्हती, आणि तशी ती असूच शकत नव्हती. पाकिस्तानातल्या पाठीराख्यांना व्हिसाच मिळाले नव्हते, तेव्हा गाणार कोण? राहता राहिला काचेच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसलेला एक माणूस, मैदानावरचा डीजे. लाखभर गळ्यांसमोर त्यांच्या बाजूने काही करू शकला असता तर तोच, आणि त्याने केलं नाही, असं सगळं आयुष्य मैदानावर काढलेला एक प्रशिक्षक सांगत होता. बरं, गाणं तरी कसलं? १९८७ सालचं, व्हायटल साइन्स नावाच्या बँडचं, गिटारवरचं साधं गोड पॉप गाणं. त्यात ना रणशिंग, ना ललकारी.

एवढं बळ असतं का दहा-पंधरा सेकंद वाजणाऱ्या गाण्यात?

डीजे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतली स्पीकरची भिंत येते. मैदानावरचा डीजे मात्र घड्याळाला बांधलेला असतो. आयपीएलमध्ये एका डावाचे १२० चेंडू, टाइम-आउट वगळून, ८५ मिनिटांत टाकायचे असतात. भागाकार केला तर एका चेंडूच्या वाट्याला साडेबेचाळीस सेकंद येतात. त्यातून गोलंदाजाची धाव, फटका, पळापळ, चेंडू परत येणं हे सगळं वजा करा. उरलेल्या वेळात पंचांनी खूण करायची, गोलंदाजाने मागे चालत जायचं आणि गाण्याने वाजून संपायचं. क्रिकेटच्या नियमाप्रमाणे गोलंदाजाने धाव सुरू केली की चेंडू खेळात आला, म्हणजे स्पीकर त्याच्या आधी गप्प व्हायला हवा. वेगवान गोलंदाज असेल तर तो आपल्या खुणेपर्यंत पोचून वळेस्तोवर दहा-पंधरा सेकंद निघतात. फिरकीपटू चार पावलं मागे जातो आणि लगेच येतो, म्हणून फिरकीच्या षटकात गाणं म्हणजे शिंक आल्यासारखं: सुरू झालं म्हणेपर्यंत संपलेलं. डीजेची नजर म्हणूनच फलंदाजावर कमी आणि गोलंदाजाच्या पाठीवर जास्त असते. पाठ दिसतेय तोवर वाजवा. छाती दिसली की बंद.

या हिशेबात अख्खं गाणं कुणाच्याच कामाचं नसतं. सामन्याच्या आधी दोन-चार दिवस बसून गाणी कापावी लागतात. सुरुवातीचं संगीत उडवायचं, कडवं उडवायचं, आणि बटण दाबल्याच्या क्षणी ज्या शब्दाला गर्दी ओ देते तोच शब्द कानावर पडेल असा तुकडा ठेवायचा. आधी अर्धा सेकंद जरी शांतता राहिली तरी चौकाराचा जल्लोष पुढे निघून जातो आणि गाणं मागून धापा टाकत येतं. मग आवाजाची पातळी. १९७०-८० च्या दशकातली ध्वनिमुद्रणं आजच्या गाण्यांच्या मानाने हळू आवाजात बांधलेली असतात. दोन्ही एकाच पातळीवर आणून ठेवली नाहीत, तर जुनं किशोरकुमारचं गाणं कुणी उशीत तोंड खुपसून गातंय असं वाटतं आणि त्यापाठोपाठ आलेलं नवं गाणं लोकांच्या कानशिलात बसतं. कुठून तरी उतरवून घेतलेल्या हलक्या दर्जाच्या फाइल घरच्या स्पीकरवर खपून जातात, मैदानावरच्या स्पीकरवर त्यातल्या झांजा तळणीतल्या पाण्यासारख्या चरचरतात. हे तुकडे मग फोल्डरांत लावायचे: चौकार, षटकार, विकेट, रिव्ह्यू, पाऊस, टाइम-आउट. दुसऱ्या लॅपटॉपवर तीच मांडणी जशीच्या तशी, कारण पहिला बंद पडायचा मुहूर्त शेवटच्या षटकातच असतो.

त्यातलं सगळ्यात धोक्याचं फोल्डर विकेटचं. चौकाराचं गाणं चुकून लागलं तर लोक हसतात. विकेटचं चुकलं तर तेच लोक शिव्या घालतात. ३१ मार्च २०१६ ची वानखेडेवरची ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषकाची उपांत्य फेरी आठवा, भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. लेंडल सिमन्स अश्विनच्या चेंडूवर झेलबाद झाला आणि तो नो-बॉल निघाला. पुढे पंड्याच्या चेंडूवर पुन्हा झेलबाद, पुन्हा नो-बॉल. नंतर सीमारेषेवर जडेजाने पकडलेल्या झेलात पाय दोरीला लागलेला. अशा रात्री बटणावर बोट ठेवून बसलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल! सराईत माणूस म्हणूनच पंचांचं बोट वर गेलं तरी थांबतो, तिसऱ्या पंचाकडून नो-बॉलची खातरी होईपर्यंत ताल नुसता घुमवत ठेवतो, शब्द सोडत नाही. त्या सामन्यात सिमन्सने नाबाद ८२ काढले, भारत हरला आणि वेस्ट इंडीजचे खेळाडू ड्वेन ब्राव्होच्या ‘चॅम्पियन’वर नाचले. मुंबईकर घरी गेले ते त्या गाण्यावर दात-ओठ खात, आणि तेच गाणं पुढे कितीतरी लग्नांत वाजवत राहिले. गाण्याशी कायमचं वैर धरणं आपल्याला जमत नाही.

आता आवाजाचं. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. एका स्टँडच्या मधल्या रांगेपासून समोरच्या स्टँडच्या मधल्या रांगेपर्यंत १७० मीटर धरले, तर तिकडची टाळी इकडे यायला अर्धा सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोके असलेलं नाचाचं गाणं घ्या. त्यात दोन ठोक्यांमधलं अंतरही नेमकं अर्धा सेकंद असतं. म्हणजे स्पीकर छताच्या कडेने गोल लावलेले असल्यामुळे गाणं सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतं, सगळे तालातच टाळ्या वाजवतात, आणि तरी प्रत्येकाला समोरचं अख्खं स्टँड एक ठोका मागे पडलेलं ऐकू येतं. गाणं याहून थोडं जलद किंवा थोडं सावकाश असेल तर त्या टाळ्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडतात आणि पाच मिनिटांत कुणाचा कुणाला मेळ राहत नाही. स्पीकरांच्याही कळा असतातच. दोन स्पीकरांचा आवाज एकाच कानावर ५० मिलिसेकंदांहून जास्त फरकाने आला, म्हणजे अंतरात सतराएक मीटरचा फरक पडला, की कान त्याला प्रतिध्वनी समजतो. म्हणून लांबच्या स्पीकरांना अंतर मोजून तेवढा उशीर लावून द्यावा लागतो. हे नीट केलं तरी काँक्रीटचे कठडे, पत्रे आणि रिकाम्या खुर्च्या आवाज परत फेकतातच. त्यात पहिला बळी जातो व्यंजनांचा. त, क, प, स विरघळून जातात आणि उरतात नुसते आ, ओ, ए. दाट शब्दांची, गझलेच्या वळणाची सुंदर गाणी मैदानावर का आपटतात आणि ‘ओ ओ ओ’वाली का तरतात, याचं उत्तर रसिकतेत शोधायला जाऊ नये. ते काँक्रीटमध्ये आहे.

मैदानाला चालतं ते गाणं, ज्यात मोकळी जागा आहे.

हे गणपतीच्या आरतीला उभं राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. ‘लवथवती विक्राळा’ सुरू झाली की पहिल्या ओळीला बारा जण, दुसऱ्या ओळीला चार जण, तिसऱ्या ओळीला फक्त काका, बाकीचे तोंडातल्या तोंडात, आणि ‘जय देव जय देव’ आलं की अख्खी चाळ. पालुपदासाठी सगळ्यांनी दम राखून ठेवलेला असतो. कडवं येत नाही याची कुणाला लाजही वाटत नाही. कीर्तनकार हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत: निरूपण मी करतो, पालुपद तुमचं. स्टेडियममधलं गाणं याच जातीचं. आयपीएलच्या त्या तुतारीसारख्या सुरावटीत तरी दुसरं काय आहे? सूर चढत जातो आणि ऐन जागेवर सोडून देतो, पुढचा हुंकार तुम्ही भरायचा. तो हुंकार ध्वनिमुद्रणात नाही. त्याच्यासाठी जागा मात्र आहे.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘वी विल रॉक यू’ची जन्मकथा म्हणूनच फार आवडते. १९७७ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंग्ली हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम संपला, आणि लोक जाईनात. त्यांनी बँडलाच गाणं म्हणून दाखवलं: लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मैदानावरचं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’. गिटारवादक ब्रायन मे विचारात पडला की दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, एखादी ओळ म्हणता येईल. बस. धम धम टाळी, आणि थोडी विश्रांती. वेग मिनिटाला ८० ठोक्यांच्या आसपास, म्हणजे समोरच्या स्टँडचा उशिरा येणारा आवाज टाळीनंतरच्या मोकळ्या जागेत बराचसा मावून जातो. मुद्रण झालं ते लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत, तिथे पडलेल्या लाकडी फळ्यांवर पाय आपटून. मे मुळात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. मूठभर माणसांच्या आवाजाचे थर त्याने वेगवेगळ्या अंतरांचा उशीर देऊन असे रचले की प्रतिध्वनी भासू नये, हजारो माणसं लांब-जवळ उभी आहेत असं वाटावं. थोडक्यात, मैदानातून स्टुडिओत गेलेली गोष्ट स्टुडिओतून पुन्हा मैदानात आली. आणि आता कुठल्याही मैदानावर ते सुरू झालं की दोन आवर्तनांनंतर डीजे स्पीकर बंद करून हात बांधून बसू शकतो.

त्या स्टॅफर्डच्या लोकांनी म्हटलेलं गाणं मूळचं १९४५ च्या एका अमेरिकी संगीत नाटकातलं, नवरा गमावलेल्या बाईला धीर देणारं. लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्स या बँडने १९६३ त ते गायलं आणि ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर तेव्हा सामन्याआधी त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी वाजवायची पद्धत होती, त्यात हेही वाजायचं. मग काही आठवड्यांनी ते यादीतून उतरलं, म्हणून वाजणं थांबलं. लोक थांबले नाहीत. स्पीकरवर नाही तर नाही, आम्ही म्हणतो, असं उभ्याने सामना बघणाऱ्यांच्या स्टँडने ठरवलं. ठरवलं तरी कसं म्हणायचं, ठराव थोडाच केला असेल कुणी! मला या सगळ्या विषयात तो एक शनिवार सर्वात हवाहवासा वाटतो, ज्याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही: स्पीकरवर दुसरंच काही तरी चालू आहे, आणि वीस-पंचवीस हजार माणसं सवयीने जुनं गाणं म्हणताहेत. १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे गेले, आणि नाटकातल्या त्या शोकगीताला त्याचा मूळ अर्थ चव्वेचाळीस वर्षांनी परत मिळाला. आज ते वाजतं तेव्हा स्पीकर सुरुवात करून देतो आणि शेवटाकडे आवाज काढून घेतो. तो काढून घेण्याचा क्षण साधायला कसब लागतं. लवकर काढला तर गर्दी अडखळते, उशिरा काढला तर गर्दीचं गाणं गर्दीलाच ऐकू येत नाही.

‘सेव्हन नेशन आर्मी’ या द व्हाइट स्ट्राइप्स बँडच्या रॉक गाण्याची गंमत याच्या उलट. तिथे शब्दांची गरजच पडली नाही. २००३ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या क्लब ब्रुग या फुटबॉल संघाचे पाठीराखे एसी मिलानविरुद्धच्या सामन्यासाठी मिलानला गेले होते. तिथल्या बारमध्ये हे गाणं लागलं, त्याच्या सुरुवातीची सात सुरांची ओळ तोंडात बसली, मैदानात गेली, सामना ०-१ असा जिंकला आणि ओळ शकुनाची ठरली. २००६ त इटलीतल्या रोमा क्लबचे पाठीराखे ती ब्रुगकडून घेऊन आले, आणि त्याच वर्षी इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा अख्खा देश ‘पो-पो-पो’ करत रस्त्यावर होता. ती ओळ बास गिटारची वाटते, पण आहे साध्या गिटारची, पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. खर्जातली, संथ, ओढून म्हणता येणारी, एकही व्यंजन नसलेली. काँक्रीटला यात खायला काही सापडतच नाही.

आपल्याकडे या सगळ्याच्या आधी काय होतं, असं विचारलं तर कोल्हापूरकर सांगेल: हलगी. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ चं, आणि तिथल्या कुस्तीला हलगी-घुमकं नसेल तर ती कुस्ती अळणी. हलगीवाला आधी कडं विस्तवावर शेकून घेतो, कातडं ताणलं गेलं की आवाजाला कडाका येतो. पावसाळी हवेत दर थोड्या वेळाने शेकावं लागतं, नाही तर ठोका ‘बद्द’ पडतो. पण खरी गोष्ट त्याच्या नजरेची. पैलवान सलामी देत फिरतात तेव्हा ताल वेगळा, खडाखडी चालू असताना वेगळा, आणि कुणी पटाला हात घातला की काठी अशी काही कडाडते की आखाड्याकडे पाठ केलेला माणूससुद्धा वळतो. डाव फसला तर हलगी तशीच उतरते. शिकागोच्या रिग्ली फील्डवर १९४१ त बेसबॉलसाठी ऑर्गन आणून ठेवला तेव्हापासून तिकडचे ऑर्गनवादकही हेच करत आले: खेळ थांबला की सूर लांबवायचा, खेळाडू तयार झाला की मिटवायचा. लॅपटॉपवरचा तुकडा लांबत नाही आणि उतरतही नाही. तो कापला जातो. जुन्या लोकांना डीजेचा राग येतो तो आवाजाचा असतो असं मानलं जातं. मला वाटतं, तो त्या कापण्याचा असतो.

वानखेडेवर पूर्वी शंख होते, रिकाम्या बाटल्या खुर्च्यांवर आपटणं होतं, मधूनच ‘गणपती बाप्पा’ आणि त्याला न चुकता ‘मोरया’, आणि शेजारून जाणाऱ्या लोकलचा भोंगा. आणि ‘सऽचिन, सच्चिन’. पहिला ‘स’ लांबवायचा, दुसरा तोडायचा, मग टाळ्या. जेमतेम चार मात्रांची बंदिश, पण चाल कुणी लावली विचाराल तर नाव नाही. १६ नोव्हेंबर २०१३ ला निरोपाच्या भाषणात शेवटच्या श्वासापर्यंत हे कानांत घुमत राहील असं तो म्हणाला, तेव्हा तो एका गाण्याबद्दल बोलत होता असंच म्हणायला हवं. डीजेने नंतर हीच आरोळी मुद्रित करून वाजवून पाहिली की कशी लागते, हे आयपीएलला गेलेल्यांना ठाऊक आहे. पोळपाटावर चित्रातली पोळी ठेवल्यासारखी.

अधिकृत गाण्यांचं नशीब मात्र बहुतेक वेळा फाटकंच. स्पर्धा ठरते, मोठा संगीतकार ठरतो, झगमगीत चित्रीकरण होतं, आणि दोन महिन्यांत ते कुणाला गुणगुणताही येत नाही. २०११ च्या विश्वचषकाचं शंकर-एहसान-लॉय यांचं ‘दे घुमा के’ त्यातल्या त्यात बरं, कारण त्या तीन शब्दांत बॅट फिरवल्याची लय आहे. २०२३ च्या ‘दिल जश्न बोले’ची पहिल्याच दिवशी खिल्ली उडाली आणि स्पर्धेत ते आलं काय, गेलं काय. दुसरीकडे ‘चक दे इंडिया’ बघा. ऑगस्ट २००७ मध्ये आलेला चित्रपट, विषय महिला हॉकी. सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत ट्वेन्टी-ट्वेन्टीचा विश्वचषक जिंकला तो पुरुष क्रिकेट संघाने, आणि गाणं उचललं ते क्रिकेटने. हॉकीच्या पदरात तिथेही उपेक्षाच. तिकडे बोस्टनच्या फेनवे पार्कवर ‘स्वीट कॅरोलाइन’ वाजू लागलं ते १९९७ मध्ये, संगीत लावणाऱ्या बाईंच्या ओळखीत कुणाच्या तरी मुलीचं नाव कॅरोलाइन ठेवलं म्हणून. बेसबॉलचा त्या गाण्याशी काडीचा संबंध नाही.

आणि काही गाणी नासतात. गॅरी ग्लिटरचं १९७२ चं ‘रॉक अँड रोल’, भाग दुसरा, ज्यात ‘हे!’ सोडून शब्दच नाहीत, अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीपासून फुटबॉलपर्यंत सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं. बालशोषणाच्या गुन्ह्यांत गायकाला शिक्षा झाली, आणि २००६ साली तिथल्या फुटबॉल लीगने संघांना ते वाजवू नका म्हणून सांगितलं. बरोबरच केलं. पण तीस वर्षं लहान पोरांनी आजोबांच्या खांद्यावर बसून जो ‘हे!’ ओरडला, तो कुणाचा होता? गायकाच्या खिशात दर वाजवण्यामागे हक्काचे पैसे जात होते, म्हणून ते थांबणं रास्त. पोरांचा ‘हे!’ मात्र उगाच अनाथ झाला.

२ एप्रिल २०११ ला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, वानखेडेवर गर्दीचा आवाज इतका होता की श्रीलंकेचा कर्णधार संगकाराने काय मागितलं ते सामनाधिकाऱ्यांना ऐकूच आलं नाही आणि नाणेफेक दोनदा करावी लागली. त्याच गर्दीने शेवटच्या काही षटकांत, अजून धावा बाकी असताना, ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. रेहमानच्या १९९७ च्या चालीतलं. ती चाल गळ्याची परीक्षा बघणारी आहे. वर जाताना निम्म्या लोकांचा आवाज फाटतो, निम्मे खालच्या सप्तकात पळतात, आणि तरी तीस हजार जणांत ते फाटणंच सुरात लागतं. टीव्हीवर बघणाऱ्यांना समालोचनाच्या मागे ती लाट ऐकू येत होती. ४ जुलै २०२४ ला बार्बाडोसहून चषक घेऊन आलेला संघ त्याच मैदानाला फेरी मारत असताना तेच गाणं झालं, या वेळी स्पीकरवर, आणि खेळाडूही माना मागे टाकून गात होते. दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवून ऐकाव्यात. दुसरीत आवाज स्वच्छ आहे, वाद्यं आहेत, दिवे आहेत. पहिलीत नुसती माणसं आहेत आणि सामना अजून संपलेला नाही.

या दोन्हींच्या मध्ये २०२० येतं. आयपीएल अमिरातीत, खुर्च्या रिकाम्या, गाणी चालू आणि मुद्रित जल्लोषही चालू. काय चुकत होतं ते सुरुवातीला कळत नव्हतं. मग लक्षात आलं: खरी गर्दी चेंडू हवेत असतानाच ‘अरे अरे’ करायला लागते, झेल सुटणार हे हात लागायच्या आत ओळखते. बटण दाबणारा माणूस निकाल बघून दाबतो. सगळा जल्लोष अर्धा सेकंद उशिरा. समोरच्या स्टँडमधून आल्यासारखा, फक्त समोर स्टँडमध्ये कुणी नसायचं.

आर्थर यांच्या त्या वाक्याकडे परत गेलं की त्याच्या चारच दिवस आधीची हैदराबादची रात्र आठवते. १० ऑक्टोबर, पाकिस्तान विरुद्ध श्रीलंका. ३४५ चा पाठलाग, विश्वचषकात तोवर कुणी एवढा केलेला नव्हता. रिझवान पायात गोळे आलेले, लंगडत, नाबाद १३१. पाकिस्तानी पाठीराखे त्याही मैदानात नव्हतेच. होते ते हैदराबादकर, कामावरून सुटून आलेले, तिकीट मिळालं म्हणून आलेले. आणि त्यांच्यातून आलं, ‘जीतेगा भई जीतेगा’, आणि पाठोपाठ ‘पाकिस्तान जीतेगा’. ही आरोळी म्हणजे आपल्याकडच्या गल्लीतल्या टेनिस-बॉल सामन्यांची, एकाने अर्धी टाकायची आणि बाकीच्यांनी पुरी करायची. रिकाम्या जागेत संघाचं नाव भरायचं, एवढंच तिचं व्याकरण. सामन्यानंतर रिझवान म्हणाला, रावळपिंडीत खेळतोय असं वाटलं.